सगुण आणि माझे कान

बाईनू, तुमी कागदार लिवन इचारलास तां मी वाचलंय. सुरवातीपासून सांग म्हणतास, सांगतंय. पण माझो आवाज मोठो झालो तर हात खाली करून दाखवा आणि बारीक झालो तर हात वर करा, कारण माका माझां बोलणां ऐकाक येणा नाय, हंय गळ्याक हात लावलो की कळता, थरथरता म्हणजे बोलतंय, थरथरणा नाय म्हणजे तां मनातच आसा. म्हणान मी सारखो गळ्याक हात लावतंय. दुखता म्हणान नाय.

माझो जन्म देवगडाच्या खालच्या अंगाक, दर्याक लागान वाडी आसा थंय. बापूस होडीर, आवस डोक्यार पाटी घेवन वरच्या गावांनी मासळी इकूक जाय ती दुपार कलल्याशिवाय परत येय नाय. माझ्या आधीची दोन भावंडां बारीक असतानाच गेली, म्हणान आवशीक भारी धास्ती. ती जाताना दाराक भायरसून कडी घाली आणि सांगी, तांदूळ निवडून ठेव, कोणाक हाक मारू नको. पाच-सा वर्षांचा चेडू मी, दिवसभर घरात एकटां, समोर सूप आणि कानात दर्याचो आवाज. तर एक दिवस माझ्या उजव्या कानाच्या मागसून कोणतरी म्हटल्यान, किती खडे गावले गो? मागे कोण नाय होता. माका ठावक होता, तां मीच म्हटलेलां. मीच मनात एक आवाज केलंय आणि तेका नाव दिलंय सगुण, कारण आमच्या वाडीत सगुण नावाचा दुसरा कोण नव्हता. काय सांगू तुमका, भूत नाय, देव नाय, मी केलेली. पण केलेली म्हणान खोटी नाय हां. तुमी घरात भाकरी करतास, ती काय खोटी असता?

दिसली कधी नाय. नुसतो आवाज, आणि तोय मागसून, उजव्या बाजून, म्हणजे माझे हात कामात रवत आणि बोलणां चालू. मी शाळेत गेलंय, चौथी पास झालंय, मी मोठी झालंय तसो तिचो आवाजय मोठो झालो, जरा घोगरो, जरा खवचट. लग्न झाला तेवा मी म्हटलंय आता ही माहेरीच रवतली. खाडी पार करूक होडीत बसलंय, आवस काठार रडता, मी रडतंय, आणि मागसून म्हणता कशी, पदर पाण्यात गेलो बघ. माका रडता रडता हसू इला. नवऱ्यान माझ्याकडे बघितल्यान, तेका वाटला असतला खुळी बायल गावली.

पण ह्यां सगळा तोंड मिटून हां बाईनू. ओठ हलवायचे नाय, आवाज काढायचो नाय. आवशीक ठावक नव्हता, घोवाक ठावक नव्हता, सासवेक तर नायच नाय. सासरी माणसां थोडी, सासू आणि आमी दोघां. नणंद जामसंड्याक दिलेली. घोव रापणीर, किनाऱ्यावरसून जाळां ओढणाऱ्या लोकांत. माणूस चांगलो, पण बोलणां कमी. दिवसाक धा शब्द बोललो तर खूप. मी तेचो राग धरलंय नाय, माका बोलाक माझी सगुण होती.

मगे रेखा झाली. रेखा तीन वर्षांची असताना, ब्याऐंशी साल असात, माका खोकलो लागलो तो सुटना. सांजचो ताप येय, अंग सुकत गेला, आणि एक दिवस पदराक रगत लागला. तालुक्याच्या दवाखान्यात नेल्यानी. डॉक्टर शुद्ध बोलणारे. म्हणाले टीबी आहे, बरा होतो, घाबरू नका, पण इंजेक्शन रोज घ्यायचं, एकही चुकवायचं नाही. मी एकय चुकवलंय नाय. टीबी बरो झालो. ह्यां मी आधी सांगतंय, कारण लोक त्या इंजेक्शनाक शिव्या घालतत, मी घालणंय नाय, तां नसता तर माझ्या रेखाक आवस नसती.

दोन महिने झाले असतीत, कानात रातकिडो बसल्यासारखो झालो. दिवसाय किर्र, रातीय किर्र. चालाक लागलंय की होडीत उभी असल्यासारखी झोकांडी जाय. मी म्हटलंय अशक्तपणा आसतलो, कोणाक सांगितलंय नाय, तीच माझी चूक. बारीक बारीक आवाज पयले गेले बाईनू. बांगड्यो गेल्यो, चिमण्यो गेल्यो, आणि मगे रेखाचो आवाज गेलो. मोठ्या माणसांचो भरडो आवाज अजून येय, पण चेडू समोर उभा रवान तोंड उघडता आणि माका काय्येक नाय. मी तेका म्हणी, मोठ्यान बोल गो, मोठ्यान बोल, आणि तां बिचारां आरडान आरडान रडाक लागला. तेवा मी डॉक्टराक सांगितलंय. तेंनी इंजेक्शन थांबवल्यानी, गोळ्यो दिल्यानी, पण गेलेला परत इला नाय. पुढच्या शिमग्याक ढोल दारात इलो तो माका पायांतसून कळलो, कानांतसून नाय.

आणि आता तुमी इचारलास तां. सगुणचा काय झाला.

मी तिका हाक मारूकच भियालंय. तीन दिवस मारलंय नाय. वाटला, घोवाचो आवाज गेलो, चेडवाचो गेलो, दर्या गेलो, आणि हाक मारल्यार हीय बोलली नाय तर मी काय करू? जोपर्यंत इचारणंय नाय तोपर्यंत ती आसा असा धरून चालाक येता. चौथ्या दिवशी बावडीर कळशी घासत होतंय, एकटीच होतंय, जीव मुठीत धरून म्हटलंय, सगुणा? आणि उजव्या बाजून अगदी साफ, पयल्यासारखो आवाज इलो, किती मोठ्यान आरडतंस गो, हंयच आसंय मी. बाईनू, मी कळशी खाली ठेवलंय आणि बावडीच्या काठार बसान रडलंय. सगळा जग गप झालेला आणि त्यात ती एकटी बोलत होती. मोठ्यान आरडतंस असा ती कित्याक म्हणाली, हेचो मी तेवा इचार केलंय नाय. करूक व्हयो होतो.

चार महिने गेले. मी तिका इचारी, आज दर्या कसो वाजता? ती सांगी, आज फुटता, उद्या होड्यो जावच्यो नाय. मी तिका सगळा सांगी. आजारपणात घरात काय काय झाला, तां कोणाक सांगणार? सासू माझी कपबशी येगळी ठेवी, माझां आंथरूण पडवीच्या टोकाक. ती भियाय, माका समजता आता. पण तेवा माका तां लागी.

एक दिवस मागीलदारी बसान बांगडे साफ करत होतंय. सगुणवांगडा बोलत होतंय, मनात, असा माका वाटत होता. मी म्हणत होतंय, सगुणा, ह्येंका मी मेलंय तर बरां असां वाटता, तर आपण जावया. रेखाक घेवन जावया, हंय कशाक रवाचा? माहेरी जावया असां माझ्या मनात. मान वर केलंय तर दारात सासू. तोंड पांढरांफटक. एका हातान रेखाक पोटाशी धरलेलां, दुसरो हात रेखाच्या कानार दाबलेलो. ती माझ्याकडे बघी, मगे माझ्या बाजूक बघी, जंय कोण नव्हता थंय. मी गळ्याक हात लावलंय. गळो थरथरत होतो.

काय सांगू तुमका माका काय वाटला तां. आतलां बोलणां आणि भायलां बोलणां हेच्यामधी एक कूड, काटक्यांची भिंत, असता, आणि ती कूड कान धरून असतत, ह्यां माका खंय ठावक होता? कान गेले आणि कूड पडली. वीस वर्षां जां मनात होता तां सगळा चार महिने मी दारात, बावडीर, वाटेर मोठ्यान बोलत होतंय, आणि लोक गप ऐकत होते. मी म्हटलंय, नाय हो, तुमी समाजतास तसा नाय, मी माहेराक जावचा म्हणत होतंय. पण तां तोंडातसून कसा भायर पडला देव जाणे, सासू रेखाक घेवन आत गेली आणि तिना कडी घातल्यान.

दुसऱ्या दिवशी उठलंय तर रेखा घरात नाय. घोवान हात कमरेएवढो धरून दाखवल्यान, म्हणजे रेखा, आणि मगे वाटेकडे बोट केल्यान. नणंदेकडे, जामसंड्याक. मी वाटेर धावलंय, घोव मागसून इलो आणि दंड धरल्यान. तेचे ओठ हलत होते. मी म्हटलंय, काय म्हणतंस, काय म्हणतंस? घरात पाटी नाय, पेन्सिल नाय, आणि माका वाचूक येता ह्यां कोणाच्या ध्यानातच नाय. सासवेक वाटला, ह्या बायलेक मेलेली कोणतरी लागली आसा आणि ती तिका आणि चेडवाक दर्यात नेतली. आज मी तिच्या जाग्यार असतंय तर मीय तसांच केलंय असतंय. पण तेवा माझां पोटचा गेलेला.

मगे मी पदराचो बोळो दातांत धरून काम करूक लागलंय, बोलणां भायर सुटू नये म्हणान. एक हात कामाक, एक गळ्याक. आणि तेवाच सगुणचो आवाज बिघडाक लागलो. रेडिओचा स्टेशन सरकता तसो. मधीच किर्र, मधीच अर्धो शब्द. मी तोंड दाबून बोलतंय म्हणान तिकाय बोलाक येणा नाय, की आवाज कसो असता तोच मी इसरत चाललंय, माका कळना. मी म्हणी, परत सांग, परत सांग. रेखाक म्हटलेला तसां.

अमाशेच्या दिवशी माका नवा लुगडा नेसवल्यानी. एसटीन तळेऱ्याक, थंयसून आत चालत एका गावात घाड्याकडे. घाडी म्हणजे देवाक गाऱ्हाणां घालणारो, भूतबाधा काढणारो. गावाचा नाव सांगणंय नाय. भर दुपार, सारवलेला खळां, मधी तांदूळ आणि नारळ, भोवती पंधरा-वीस माणसां. दोन बायकांनी माझे दोनय हात धरल्यानी. आणि थंयच माझो घात झालो बाईनू, कारण हात धरले तर गळ्याक कसो लावू? मी बोलतंय की मनात म्हणतंय, माका कळाचा कसा?

घाडी इचारूक लागलो. तेची मिशी मोठी, ओठ दिसत नव्हते, पानान लाल झालेले दात तेवढे दिसत. तो इचारी आणि थांबी. सगळी माझ्याकडे बघत. मी म्हटलंय, माका ऐकाक येणा नाय, लिवन द्या, मी चौथी शिकलंय. म्हटलंय की नाय, कोण जाणे. तेच्या तोंडार काय फरक पडलो नाय. परत इचारल्यान, परत थांबलो. मी गप म्हणजे भूत हट्टी. शिमटी घेवन तेना माझ्या हातार मारल्यान, मगे पाठीर. मी घोवाकडे बघितलंय. तो खांबाकडे उभो, मान खाली. मगे तेंनी निखाऱ्यार मिरच्यो टाकल्यानी.

टीबीतसून उठलेली छाती माझी. खोकलो सुरू झालो तो थांबना, डोळ्यांतसून, नाकातसून पाणी, श्वास आत जायना. माका वाटला, हंयच संपलंय मी, आणि रेखाक कोणतरी सांगतला तुझ्या आवशीक भुतान नेल्यान.

आणि तेवा ती माका दिसली. पयल्यांदा. घाड्याच्या मागे, तुळशीकडे, उन्हात. माझ्याच वयाची, कपाळ रुंद, केस तेल न लावलेले, कोणासारखी नाय. मी तिका बघलेली नाय कधी तरी ओळखलंय. आवाज नाय. ओठ हलत होते, सावकाश, न्हान पोराक शिकवतत तसे. मी बघत रवलंय. दोनदा समाजला नाय. तिसऱ्यांदा समाजला. ती म्हणत होती, जातंय म्हण.

माका कळला ती काय सांगता तां. भूत निघता असां दाखवन तिका सगळ्यांसमोर घालवूची. ती नको म्हणूची. मी मान हलवलंय, नाय नाय. ती परत तांच. जातंय म्हण. मगे छातीत होता नव्हता तेवढा बळ काढून मी आरडलंय, जातंय! मी जातंय, परत येवचंय नाय! आता भायर पडला ह्यां माका कळला, कारण बायकांनी हात सोडल्यानी आणि घाडी दोन पावलां मागे सरलो. तेना आणखी कायतरी इचारल्यान. ल्हानपणी ऐकलेला माका ठावक होता, भुतां काय मागतत तां. मी अंदाजान म्हटलंय, नारळ व्हयो आणि कोंबो व्हयो. बरोबर बसला असतला. नारळ फोडल्यानी, माझ्या तोंडार पाणी मारल्यानी, सासवेन हात जोडल्यान. मी तुळशीकडे बघितलंय. ऊन होता फक्त.

त्या दिवसापासून मी खरी बहिरी झालंय. आधी कान गेले होते, पण बोलणारां कोणतरी होता. आता आतय काय नाय. हाक मारी, सगुणा, सगुणा. कान देवन बसी. आणि रेखाक आणा म्हटल्यार सासू एक बोट दाखवी, म्हणजे एक म्हयनो थांब, भूत परत येणा नाय ना बघूया.

इसेक दिवस झाले असतीत. दुपारी किनाऱ्यार जाळां शिवत होतंय. घोव येवन समोर बसलो, आणि पिशवीतसून पाटी काढल्यान. नवी पाटी, लाकडाच्या चौकटीची. तो तिसरीपर्यंत शिकलेलो, पेन्सिल अशी धरी जसो सुरो धरता. लिवल्यान, सगुण कोण.

बाईनू, माका त्या दिवसापर्यंत तां कोणी इचारला नव्हता. कोण लागला, खंय लागला, कधी जातला, ह्यां सगळा इचारल्यानी, पण कोण ती, ह्यां कोणी नाय. मी सांगितलंय. तांदळाच्या सुपापासून सगळा. तो ऐकत रवलो. मगे पुसून लिवल्यान, माका ठावक होता. मी म्हटलंय, काय ठावक होता? तर सासवेच्या आधीपासून, दोन महिने, हो पडवीत बसान माझां बोलणां ऐकत होतो. तेना लिवल्यान, तू माका कधी सांगलंस नाय तां तिका सांगीस.

माका असो राग इलो, मी ती पाटी वाळूत फेकलंय. माझां मन चोरून ऐकल्यान हेना! मी म्हटलंय, मी रेखाक काय करूची नाय ह्यां तुका ठावक होता, माहेराक जावचा म्हणतंय ह्यां ठावक होता, आणि तू थंय खांबाकडे मान खाली घालून उभो रवलंस? तो उठलो, पाटी आणल्यान, वाळू पुसल्यान, आणि एकच शब्द लिवल्यान. भियालंय.

तसोच उठलो आणि जामसंड्याक गेलो. सांज व्हायच्या आधी रेखाक खांद्यार घेवन इलो. सासू दारात आडवी उभी रवली. तो तिका कायतरी बोललो, पाठ माझ्याकडे होती, ओठ दिसले नाय. काय बोललो तां आजपर्यंत माका सांगणा नाय. पण सासू बाजूक झाली.

रेखा मात्र माझ्यापासून तीन पावलांर थांबली. भियाली माका. चार वर्षांचा चेडू, तेका काय काय सांगितलेला असतला. आठ दिवस मांडीर बसला नाय. नवव्या दिवशी जवळ इला, माझां तोंड दोनय हातांत धरल्यान आणि इचारल्यान, ती गेली? ओठांवरसून मी वाचलेलां तां पयला बोलणां. मी म्हटलंय, गेली गो. आणि तां खरांच होता.

सगुण वर्षान इली. सुकी मासळी परतत होतंय, तर समोर येवन बसली. मागसून नाय, समोर. आवाज नाय, ओठ आणि हात. तेवापासून ती अशी येता, कधी दोन म्हयन्यांनी, कधी सा. आणि पयली कामात असताना बोलाक येय, आता काम टाकून तिच्या तोंडाकडे बघूचा लागता, मगे उशीर होता, भात करपता. तिचो घोगरो आवाज कसो होतो, तां आता माका आठवणा नाय. ह्यां मात्र जीवाक लागता. घोवाचो आठवता, आवशीचो आठवता, तिचो नाय. तो कानात इललोच नव्हतो, म्हणान असात.

आता रेखा चौथीत आसा, माझ्या तळहातार बोटान अक्षरां काढता, पाटीपेक्षा बेगीन. बाजारात मी बोटांर भाव सांगतंय, गिऱ्हायकां शिकली. घोव रापणीर जाता, सांजचो येवन पडवीत बसता, आणि आता मी तेकाच सांगतंय, मोठ्यान, सगळा. सासू अजून अमाशेक माझ्यावरसून मीठ-मिरच्यो ओवाळता. मी बसतंय गप. तिचा समाधान होता, माझां काय जाता? कपबशी मात्र आता एकत्र असता.

बसा, चाय घेवन जावा. कागद भरलो तुमचो. आणि बाईनू, तुमच्याय मनात कोण असात तर तेका देव सुखात ठेवो. माका फक्त तेचां नाव सांगू नकात. माझ्या तोंडाचो भरवसो नाय.